मगनवाडीचा हिशेबनीस



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी एक तरी थोर पुरुष येतोच. शिवाजी महाराज झाले, बाबासाहेब झाले, विवेकानंद तर दोनदा झाले, आणि डॉ. कलाम म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांचे घरचेच. यंदा मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचं नाव एकेकाळी देशभर गाजत होतं. गांधीजींचे अर्थतज्ज्ञ म्हणून लोक त्यांना ओळखायचे. पण आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये मी सहज विचारलं, की जे. सी. कुमारप्पा कोण होते गं, तर एकीने क्रिकेटर सांगितलं आणि दुसरीने कर्नाटकचा मुख्यमंत्री. आणि हा माणूस पंधरा वर्षांहून जास्त काळ आपल्या वर्धा जिल्ह्याचा रहिवासी होता!

मी मूळची जामची. समुद्रपूर तालुक्यातलं जाम, जिथे नागपूर-हैदराबाद हायवेवरून चंद्रपूरचा फाटा फुटतो आणि दुसरीकडे वर्ध्याचा रस्ता निघतो. (नाव ट्रॅफिक जामवरून पडलेलं नाही, हा जोक फर्स्ट इयरपासून ऐकतेय, आता पुरे.) शाळा मात्र कॉन्व्हेंट. आम्ही घरी गणपती बसवणारे, पण शाळेत रोज प्रेयर आणि आठवड्यातून दोनदा मॉरल सायन्स. त्या तासाला सिस्टर बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. त्यातली एक माझ्या डोक्यात कायमची बसली. एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो. सगळ्या आज्ञा पाळतो म्हणतो, आता आणखी काय करायला हवं ते विचारतो. येशू त्याला सांगतो, की जे आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्याबरोबर चल. तरुण उदास होऊन निघून जातो, कारण त्याच्याकडे पुष्कळ असतं. गोष्ट तिथेच संपते. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे बायबलमध्ये कुठेच नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा, आणि थोडी दयाही.

मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने आम्ही वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेलो आणि तिथून मी कुमारप्पांच्या मागे लागले. वाचता वाचता वाटलं, हा तोच तरुण. फरक इतकाच की हा निघून गेला नाही.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचं जन्माचं नाव. जन्म 4 जानेवारी 1892, तंजावर. घर ख्रिस्ती आणि खाऊनपिऊन सुखी. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला. शिक्षण मद्रासला, मग अकाउंटन्सी शिकायला थेट लंडन. पहिल्या महायुद्धाची वर्षं त्यांनी तिकडेच काढली. आईच्या आग्रहामुळे 1919 मध्ये परत आले आणि मुंबईत प्रॅक्टिस सुरू केली. पुढे दावर नावाच्या भागीदाराबरोबर स्वतःची ऑडिट फर्म काढली. मोठमोठ्या कंपन्यांची वहीखाती, इंग्रजी राहणी, उत्तम शिवलेले सूट. आजच्या भाषेत सांगायचं तर सीए, फॉरेन रिटर्न आणि मुंबईत स्वतःचं ऑफिस. आपल्यापैकी कुणाच्याही आईवडिलांना विचारा, यापुढे आयुष्यात मिळवायचं काय राहिलं?

राहिलं होतं काहीतरी. 1927 च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन केलं आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. (कोलंबिया म्हटल्यावर बाबासाहेब आठवतातच. प्राध्यापक सेलिगमन हे दोघांचेही गुरू.) तिथे असताना कुमारप्पांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिलं. विषय होता, भारत गरीब का आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली, ती सेलिगमन सरांनी वाचली आणि याच विषयावर प्रबंध लिही म्हणून सुचवलं. मग कुमारप्पांनी हिंदुस्थान सरकारचे जमाखर्च उघडून बसायला सुरुवात केली. कर कुणाकडून घेतला, खर्च कुणासाठी झाला. आत्तापर्यंत ते इंग्रजी राज्याचे चाहतेच होते म्हणा ना. पण ऑडिटरची नजर एकदा आकड्यांवर पडली की भावना बाजूला राहतात. त्यांना दिसलं की लुटीचा हिशेब नीट लिहिलेला आहे, वर सहीशिक्क्यानिशी मंजूरही आहे.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे संतांच्या गोष्टीत वैराग्य एका क्षणात येतं. कुमारप्पांना ते लेजर वाचताना आलं!

1929 मध्ये ते परतले. प्रबंध छापायचा होता, म्हणून गांधीजींना भेटायला 9 मे 1929 ला साबरमतीला गेले. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. रेशमी सूट घातलेले कॉर्नेलियससाहेब अडीचच्या अपॉइंटमेंटला थोडे आधीच पोचले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. खुर्ची कुठे नाही. साहेब काठीवर रेलून बघत उभे राहिले. बरोबर अडीच वाजता म्हाताऱ्याने कमरेचं घड्याळ काढून बघितलं आणि तुम्हीच कुमारप्पा का म्हणून विचारलं. सुटाची इस्त्री विसरून साहेब जमिनीवर बसले. कुणीतरी आतून खुर्ची आणायला धावलं, पण त्यांनी ती घेतली नाही. गांधीजींनी प्रबंध यंग इंडियात क्रमाने छापायचं कबूल केलं, आणि वर एक काम गळ्यात मारलं. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. कुमारप्पांना गुजराती येत नव्हतं. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी ती पाहणी केली आणि 1931 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. खेड्यात कुणाच्या घरी किती धान्य, किती कर्ज, किती सारा, सगळं मोजून काढलेलं.

आडनावही याच काळात बदललं. कॉर्नेलियस गेलं आणि घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव आलं. धाकटे भाऊ भारतन यांनीही तेच केलं आणि पुढे तेही वर्ध्याला आले. नाव बदललं म्हणजे धर्म सोडला असं कुणाला वाटेल, तर अजिबात नाही. कुमारप्पा शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले. उलट त्यांचं म्हणणं असं, की येशूचं ऐकायचं ठरवल्यावर आपल्याला खादीशिवाय आणि खेड्याशिवाय दुसरा रस्ताच उरला नाही.

त्यावरून त्यांचं आपल्याच धर्मगुरूंशी वाजलं. 1930 चा मिठाचा सत्याग्रह चालू होता. कुमारप्पांनी देशातल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केलं, की अहिंसेने लढणाऱ्या लोकांच्या बाजूने उभे राहा, कारण येशूने शिकवलेलं हेच तर आहे. कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट म्हणजे भारतातल्या अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्माधिकारी. त्यांनी सरकारची बाजू घेऊन उत्तर दिलं. कुमारप्पांनी त्यांनाही सोडलं नाही. बायबलमधलेच दाखले देत पत्राने पत्राला उत्तर केलं. आपल्या हेडमिस्ट्रेसला साधं लेखी उत्तर देऊन बघा, म्हणजे यात किती धाडस होतं ते कळेल!

पुढच्या वर्षी काँग्रेसने आणखी मोठं काम दिलं. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या नावावर जे कर्ज दाखवलं होतं, त्याची तपासणी करायची समिती. संयोजक कुमारप्पा. 1857 चा उठाव चिरडायला आलेला खर्च हिंदुस्थानच्याच खात्यावर. सरहद्दीबाहेर लढलेल्या लढायांचा खर्च आपल्या खात्यावर. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना दिलेला पैसासुद्धा आपल्याच खात्यावर. समितीने ओळीने नोंदी काढून यातलं काय आपलं आणि काय आपलं नाही ते मांडलं. हे वाचताना मला शाळेतला जक्कय आठवला. जक्कय हा जकातदारांचा मुखिया, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो तेव्हा तो कबूल करतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन. लक्षात घ्या, दान वेगळं आणि परतफेड वेगळी. जक्कयने दोन्ही खाती वेगळी ठेवली. कुमारप्पांचा सगळा आग्रह या दुसऱ्या खात्याचा होता. आधी दुसऱ्याचं परत करा, दानधर्माचं नंतर बघू.

या उद्योगांसाठी त्यांना तुरुंगवासही झाला, पण तो भाग पटकन पुढे नेते, कारण मला बिहारची गोष्ट सांगायची आहे.

15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या मदत समितीकडे देशभरातून पैसा येऊ लागला आणि त्याचे हिशेब सांभाळायला कुमारप्पांना बोलावलं. त्यांनी नियम घालून दिला, की कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, त्यावर एक पै नाही. थोड्या दिवसांनी गांधीजी दौऱ्यावर आले. त्यांच्याबरोबर मंडळी, त्यांचं बकरीचं दूध, फळं, मोटारीचं पेट्रोल. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सांगून टाकलं, की हा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही बघा. बात गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी बोलावून विचारलं. कुमारप्पांनी कारण सांगितलं, की हा पैसा भूकंपात घर गेलेल्यांचा आहे आणि नियम कार्यकर्त्यांना लावला तर पाहुण्यांनाही लागतो. गांधीजींनी ते मान्य केलं आणि आपला खर्च वेगळा ठेवायला सांगितलं.

आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टचा जमाखर्च ज्यांनी कधी बघितला असेल, त्यांना ही गोष्ट जास्त कळेल. बिसलेरीचे बॉक्स, पाहुण्यांची शाल-श्रीफळं, कमिटीची पार्टी, आणि शेवटी इतर खर्च म्हणून एक गोल आकडा. कुणी चोर नसतं त्यात. सगळे आपलेच असतात. कुमारप्पा अशा इतर खर्चाच्या ओळीशी आयुष्यभर भांडले.

आता वर्धा. ऑक्टोबर 1934 च्या मुंबई काँग्रेसमध्ये ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला. गांधीजींचे पुतणे मगनलाल 1928 मध्ये वारले होते, त्यांच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. कुमारप्पा संघाचे मंत्री, म्हणजे सेक्रेटरी. सेवाग्रामला राहायला जाण्याआधी, 1935 आणि 36 मध्ये गांधीजी स्वतः मगनवाडीतच राहत होते. आपण सेवाग्रामला पाहुणे घेऊन जातो, बापू कुटी दाखवतो, आणि मगनवाडीच्या रस्त्यावरून सरळ निघून येतो.

तिथे काय चालायचं? तेलाची बैलघाणी सुधारणं, हातकागद, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ, मधमाश्या, साबण, कमी धुराची मगन चूल, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप. मेकॅनिकलच्या मुलांनी हसू नये. हा सगळा डिझाइनचाच प्रॉब्लेम आहे, फक्त डिझाइन क्रायटेरिया वेगळे. आपण एफिशियन्सी काढतो ती इंधनाची आणि वेळेची. कुमारप्पांचा प्रश्न असा, की या यंत्रामुळे गावातला पैसा गावात राहिला की बाहेर गेला? घाणीत कमी तेल निघतं हे खरं, पण पेंड गावातल्या बैलाला मिळते, तेल ताजं राहतं आणि तेल्याच्या हाताला काम मिळतं. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण कोंड्याबरोबर त्यातलं सत्त्व जातं आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. हा तोटा गिरणीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून तो नफा दिसतो. आज आपण याला एक्स्टर्नॅलिटी म्हणून इकॉनॉमिक्सच्या पेपरमध्ये पाच मार्कांना लिहितो.

मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ज्यांना फायनल इयर प्रोजेक्ट सुचत नाहीये त्यांनी तिकडे एक चक्कर मारावी, एवढी फुकटची टिप.

त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सरकारने, कुमारप्पांना औद्योगिक पाहणी समितीचं अध्यक्ष केलं. शेकडो खेडी पाहून अहवाल तयार झाला. आपल्याकडचा कापूस हिंगणघाटच्या बाजारातून लांबच्या गिरण्यांत जातो आणि कापड होऊन महाग परत येतो, हे आमच्या गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे. कुमारप्पांनी अशाच गोष्टी आकड्यांत मांडल्या. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती झाली तेव्हा त्यांना तिथेही घेतलं होतं, पण मोठ्या कारखान्यांकडेच सगळा कल आहे असं दिसल्यावर ते थोड्याच काळात बाहेर पडले.

युद्ध सुरू झाल्यावर सरकार इथला माल उचलू लागलं आणि त्या बदल्यात लंडनमधल्या स्टर्लिंगच्या भरवशावर इथे नोटा छापू लागलं. कुमारप्पांनी त्यावर जो लेख लिहिला, त्याचा मथळा बायबलमधून घेतला. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप दगड देईल, असा तिथे प्रश्न आहे. सरकार भाकरीच्या बदल्यात दगड देतंय, असा मथळ्याचा अर्थ. चलेजावच्या काळात ते पुन्हा आत गेले आणि जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. 1945 मध्ये ती आली. एक येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर. शीर्षकात आचरण आधी आहे आणि उपदेश नंतर, हे मला फार आवडलं. दुसरं इकॉनॉमी ऑफ परमनन्स, म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे, आणि त्यांनी गमतीने कुमारप्पांना दोन पदव्याही देऊन टाकल्या. एक धर्मशास्त्राची डॉक्टरेट आणि एक ग्रामोद्योगाची.

ही दोन पुस्तकं एकाच कोठडीत लिहिलेली आहेत आणि ती खरं तर एकच आहेत असं मला वाटतं. टिकाऊ अर्थव्यवस्थेत त्यांनी माणसाच्या पोट भरण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, प्राण्यांची उदाहरणं देऊन. वाघ मेंढीला मारूनच खातो, ही सर्वांत खालची पायरी. माकड आंब्याच्या बागेत शिरतं, झाड लावत नाही, पाणी घालत नाही, पण फळ नेतं. पक्षी स्वतः कष्ट करून घरटं बांधतो. मधमाशी पोळ्यासाठी मध गोळा करते, एकटीसाठी नाही. आणि सर्वांत वर पिलाला भरवणारी पक्षीण, जिला बदल्यात काहीच मिळायचं नसतं. लोभ म्हणजे नुसता मनातला विकार नाही, असा याचा अर्थ मी घेते. तो आपण पोट कसं भरतो त्या पद्धतीतच असतो. एखादा माणूस मनाने कितीही चांगला असेल, रविवारी चर्चला जात असेल किंवा सोमवारी उपास करत असेल, पण त्याचा पगार माकडाच्या पायरीवरून येत असू शकतो.

याच पुस्तकात त्यांनी आणखी एक फरक केला. कोळसा, पेट्रोल, खनिजं म्हणजे साठा. वापरला की संपतो, आणि त्याच्यासाठी भांडणं होतात. ऊन, वारा, पाणी, दरवर्षी वाढणारं लाकूड म्हणजे वाहता प्रवाह. प्रवाहावर जगा, साठ्यावर नको. 1945 साली! ई. एफ. शूमाकर हे इंग्लंडच्या कोळसा महामंडळात अर्थतज्ज्ञ होते. 1973 मध्ये त्यांचं स्मॉल इज ब्युटिफुल आलं, जे जगभर गाजलं, त्यात त्यांनी कुमारप्पांचा आधार घेतला आहे. आपल्या लायब्ररीत शूमाकर आहे. कुमारप्पा नाही.

आता थोडं घरचं. जामला हायवे चौपदरी झाला तेव्हा आमची थोडी जमीन गेली आणि मोबदला आला. आमच्या तीन पिढ्यांनी एकरकमी एवढा पैसा बघितलाच नव्हता. त्याआधी बाबा आणि काका एका ताटात जेवायचे. आज दोघांची दारं समोरासमोर आहेत आणि दोघंही बाहेर पडताना आधी बघतात की समोरचा अंगणात आहे का. कोर्टात तारखा पडताहेत. मोबदल्यातला बराच पैसा वकिलांनाच गेला. आजी कुणाच्याच बाजूने बोलत नाही, फक्त दिवाळीला दोन्हीकडे सारखाच चिवडा पाठवते, वाटीने मोजून. मी बाबांची मुलगी आहे, म्हणून मला बाबांचं खरं वाटतं. काकांच्या मुलीला काकांचं वाटत असणार. ती आणि मी एकाच बेंचवर बसून श्रीमंत तरुणाची गोष्ट ऐकली होती.

कुमारप्पा वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या भांडणात कोण लोभी हे विचारत बसण्यापेक्षा वही मागावी. शेत कोणी कसलं, विहिरीला कोणी पैसे घातले, आत्याच्या लग्नाचं कर्ज कोणी फेडलं, आत्याला स्वतःला काय मिळालं. ही शेवटची नोंद दोघांच्याही अर्जात नाहीये. मी सुट्टीत घरी हा विषय काढला. बाबा उठून बाहेर गेले. पण आईने जुनी डायरी शोधून ठेवली आहे, आजोबांच्या हातची. बघू.

असो. स्वातंत्र्य आलं. आता सत्तेची पंगत बसली होती आणि कुमारप्पांसारख्या माणसाला कुठेही पान मिळालं असतं. काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. 1949 मध्ये समितीचा अहवाल आला, मधले दलाल काढा, जमीन कसणाऱ्याची करा, कमाल मर्यादा घाला असं सांगणारा. पण दिल्लीशी त्यांचं जमलं नाही. स्वभाव तापट, तोंड फटकळ. एक हकिकत सांगतात, की दिल्लीत ते टांग्याने बैठकीला निघाले आणि पोलिसांनी टांगा अडवला, कारण त्या रस्त्यावर टांगे, बैलगाड्या बंद होत्या. त्यांनी हे प्रकरण थेट नेहरूंपर्यंत नेलं. भरधाव लष्करी ट्रकमुळे टांग्यांना धोका असतो असं उत्तर मिळालं, तर त्यांचा सवाल, की मग धोका देणाऱ्याला बंदी करा, ज्याला धोका आहे त्याला का? आमच्या चौरस्त्यावर रोज ट्रकच्या कडेने जीव मुठीत धरून बंडी नेणाऱ्या लोकांना हा प्रश्न विचारावासा वाटत असेल.

सगळंच पटतं असं मी म्हणणार नाही. ते यंत्राच्या विरोधात होते हे खरं नाही. रेल्वे, वीज, पोलाद असले मोठे उद्योग हवेत, पण ते समाजाच्या मालकीचे असावेत असं ते म्हणत. तरीही घाणी आणि चरख्यावर एवढा मोठा देश चालला असता का, याबद्दल मला शंका आहे. हार्वेस्टर आल्यावर माझ्या आईची पाठ वाचली, हेही मी डोळ्यांनी बघितलं आहे. या विषयावर कुमारप्पांशी भांडायला मला आवडलं असतं. त्यांनी नक्कीच झापलं असतं.

1951 च्या सुमारास त्यांनी मगनवाडी सोडली आणि आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या सेलडोह गावी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. साठीच्या घरात आलेला, रक्तदाबाने त्रासलेला, लंडन-कोलंबियाचा माणूस वैदर्भीय उन्हात शेतीचे प्रयोग करत बसला. त्याच सेलू तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. याच वर्षांत ते चीन, जपान, रशिया असं फिरूनही आले आणि जे दिसलं ते लिहीत राहिले.

तब्येत बिघडत गेली तसे ते तमिळनाडूत परतले, मदुरै जिल्ह्यातल्या टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात. लग्न केलं नव्हतं. मागे ठेवण्यासारखी मालमत्ता नव्हती. कॉर्नेलियस अँड दावरच्या दिवसांतलं काही उरलं असेल तर फक्त वक्तशीरपणा. वेळ न ठरवता येणाऱ्याला ते भेटत नसत, मग तो मंत्री का असेना. झोपडीच्या भिंतीवर एका गरीब शेतकऱ्याचा फोटो असायचा. पाहुण्यांना वाटायचं, गांधीजींच्या शिष्याच्या घरी गांधीजींचा फोटो हवा. तर ते सांगत, की गांधीजी माझे मालक, आणि हे माझ्या मालकांचे मालक.

30 जानेवारी 1960 ला मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. गांधीजी जाऊन त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती.